अमेरिकेतले युद्ध, मुंबईतली तेजी आणि सुप्याचा जाळ

१ जुलै १८६५ ही मुंबईतल्या वायद्यांची मुदत होती. कित्येक महिने आधी नुसत्या शब्दावर झालेले शेअरांचे सौदे त्या दिवशी रोकड मोजून पुरे करायचे होते. पण रोकड कुणाजवळच नव्हती. ज्याचे येणे होते त्यालाच दुसऱ्या कुणाचे देणे होते, त्या दुसऱ्याला तिसऱ्याचे. आदल्या वर्षी ज्यांच्या शब्दावर लाखांची उलाढाल होत होती अशा पेढ्या एकामागून एक बसल्या. पारशी, भाटिये, बनिये, युरोपीय, कुणीच सुटले नाही. प्राचीन लेख वाचणारे आणि रुग्णांची सेवा करणारे डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारख्या माणसालाही या पडझडीची मोठी झळ बसली.

हे दिवाळे मुंबईतल्या कोणत्या दुष्काळाने किंवा लढाईने निघाले नव्हते. ९ एप्रिल १८६५ रोजी व्हर्जिनियातल्या ॲपोमॅटॉक्स या खेड्यात बंडखोर दक्षिणेच्या जनरल लीने शस्त्रे खाली ठेवली होती. अमेरिकेत शांतता झाली म्हणून मुंबई बुडाली. आणि या बुडण्याचा हिशेब मुंबईत संपला नाही. तो पुढची दहा वर्षे घाटावरच्या खेड्यांत फिरत राहिला आणि १८७५ च्या उन्हाळ्यात पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी कर्जरोख्यांच्या होळीत उजेडात आला.

लँकेशायरची भूक

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला इंग्लंडचे वैभव सुतावर उभे होते. लँकेशायरच्या गिरण्यांत लाखो माणसे राबत होती आणि त्या परगण्यात कापसाचे एक बोंडही पिकत नव्हते. १८६० च्या सुमारास गिरण्यांत येणाऱ्या पाच गाठींतल्या जवळपास चार अमेरिकेच्या दक्षिणेतून येत. सरकी काढण्याचे एली व्हिटनीचे यंत्र १७९३ मध्ये निघाल्यापासून तिथे कापसाचे मळे पसरत गेले होते, आणि त्या मळ्यांवर गुलाम राबत होते. यादवी युद्धाच्या उंबरठ्यावर अमेरिकेत सुमारे चाळीस लाख माणसे गुलाम होती. कापूस हाच राजा आहे आणि त्याच्याशी वैर करण्याची कुणाची छाती नाही, अशी फुशारकी दक्षिणेतल्या एका सिनेटरने १८५८ मध्ये भर सभागृहात मारली होती.

एप्रिल १८६१ मध्ये फुटून निघालेल्या दक्षिणेने फोर्ट समटरवर तोफा डागल्या आणि आठवडाभरातच राष्ट्राध्यक्ष लिंकनने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली. गंमत अशी की सुरुवातीला दक्षिणेनेच आपला कापूस अडवून धरला. माल मिळाला नाही की इंग्लंड नाक घासत येईल आणि आपल्या बंडाला मान्यता देईल, असा त्यांचा होरा होता. तो चुकला. आदल्या वर्षीच्या भरघोस पिकाने लिव्हरपूलची गोदामे भरलेली होती, त्यामुळे पहिले काही महिने निभावले. १८६२ मध्ये मात्र साठा आटला. गिरण्यांची धुराडी थंड पडली आणि त्या वर्षाच्या अखेरीस लँकेशायरमध्ये जवळपास पाच लाख माणसे मदतीच्या अन्नावर जगत होती. तरीही वर्षाच्या शेवटच्या दिवशी मँचेस्टरच्या कामगारांनी सभा भरवून लिंकनला पत्र लिहिले आणि गुलामी नष्ट करण्याच्या कामाला पाठिंबा कळवला. लिंकनने जानेवारी १८६३ मध्ये त्या पत्राला उत्तर दिले.

सभेला जाणारा कामगार उपाशी राहायला तयार होता, गिरणीमालक नव्हता. त्याची नजर हिंदुस्थानाकडे वळली. इथल्या कापसाला तिकडे सरसकट ‘सुरत’ म्हणत, मग तो धोलेऱ्याचा असो, धारवाडचा असो की उमरावतीचा. या कापसाचा धागा आखूड होता, तो यंत्रावर सारखा तुटे. त्यात माती, पाने, सरकी यांची भर असे, आणि वजन वाढवायला पाणी मारण्याचे उद्योगही चालत. भेसळ इतकी बोकाळली की मुंबई सरकारला १८६३ मध्ये कापसातल्या लबाडीविरुद्ध कायदा करावा लागला. पण गरजेपुढे धाग्याची लांबी कोण मोजतो? १८६० मध्ये ब्रिटनच्या कापसात हिंदुस्थानचा वाटा सहाव्या हिश्श्याच्या आसपास होता. १८६२ मध्ये तो तीन चतुर्थांशांवर गेला. लिव्हरपूलच्या बाजारात याच नावडत्या ‘सुरत’चा भाव १८६४ पर्यंत चौपटीच्या पलीकडे पोचला.

गादीतला कापूस

युद्धाच्या चार-पाच वर्षांत नेहमीच्या भावापेक्षा जास्तीचे म्हणून जे पैसे मुंबईत आले, त्यांचा अंदाज सात ते आठ कोटी पौंडांचा आहे. रुपयात ते सत्तर-ऐंशी कोटी होतात. ज्या शहरातली पहिली कापड गिरणी निघून जेमतेम दशकही झाले नव्हते, त्या शहरात हा पैसा ओतला गेला. लोकांनी घरातल्या जुन्या गाद्या-उशा उसवून त्यांतला कापूसही विकायला काढला, असे त्या काळाविषयी लिहिणाऱ्यांनी नोंदवून ठेवले आहे. गोविंद नारायण माडगावकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ हे पुस्तक नेमके याच तेजीत, १८६३ मध्ये प्रसिद्ध झाले.

कापसात जाऊन जाऊन पैसा किती जाणार? उरलेला कागदाकडे वळला. १८६५ च्या आरंभी मुंबईत ३१ बँका, १६ वित्तसंस्था, ८ जमीन कंपन्या, कापसाच्या गाठी दाबणाऱ्या १६ प्रेस कंपन्या, १० जहाज कंपन्या आणि २० विमा कंपन्या होत्या. यांतल्या कितीएकांचे काम एकमेकींचे शेअर घेण्यापलीकडे फारसे नव्हते. सर्वांत मोठी ओढ होती ती बॅकबे रेक्लमेशन कंपनीची. मलबार हिलपासून कुलाब्यापर्यंतच्या उथळ समुद्रात भर घालून जमीन काढायची, कापसाची गोदामे आणि रेल्वे तिथे आणायची, हा तिचा बेत होता. अजून समुद्रात असलेल्या त्या जमिनीच्या पाच हजारांच्या शेअरला कितीतरी पट भाव आला.

या साऱ्याच्या मध्यभागी प्रेमचंद रायचंद उभा होता. सुरतेहून आलेल्या जैन कुटुंबातला हा तरुण दलाल तेव्हा तिशीत होता. त्याला इंग्रजी लिहितावाचता येत होते, आणि ही गोष्ट तेव्हाच्या देशी दलालांत दुर्मीळ होती. कोणत्या कंपनीचे किती शेअर कुणाला द्यायचे हे त्याच्या शब्दावर ठरू लागले. १८६३ मध्ये बँक ऑफ बाँबेला नवी सनद मिळाली आणि शेअरांच्या तारणावर कर्ज देण्याचा मार्ग मोकळा झाला. सरकारचे भांडवल असलेल्या या बँकेचा पैसा मग प्रेमचंदच्या इशाऱ्यावर वाहू लागला. त्याच तेजीत त्याने मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख आणि घड्याळाच्या मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख रुपये दिले. मनोऱ्याला आईचे, राजाबाईचे नाव द्यावे एवढीच त्याची इच्छा होती.

बातम्या तेव्हा सुएझमार्गे बोटीने येत. लढाई होऊन कित्येक आठवडे उलटल्यावर तिचा निकाल मुंबईला कळे, आणि तोवर सट्टेबाजांना अंदाजावर खेळायला मोकळे रान असे. उत्तरेचा विजय झाला की भाव पडत, दक्षिणेने बाजी मारली की चढत. १८६५ च्या आरंभी इराणी आखातातल्या तारेने हिंदुस्थान युरोपशी जोडला गेला. युद्ध शेवटाकडे सरकत असतानाच बातम्यांचा वेग वाढला होता. कापसाचा भाव निम्म्यावर येऊ लागला आणि त्यावर उभे असलेले सारे कागदी मजले खाली आले.

शहर सावरले कसे

मुंबईचे नुकसान खरे होते. १८६४ च्या पहिल्या जनगणनेत ८,१६,५६२ असलेली लोकसंख्या १८७२ मध्ये ६,४४,४०५ वर आली. कामासाठी आलेली माणसे परत गेली. बॅकबे कंपनी गुंडाळली गेली, बँक ऑफ बाँबे १८६८ मध्ये बंद पडली आणि तिच्या कारभाराची चौकशी करायला आयोग बसला. प्रेमचंदचे वैभव ओसरले. जमशेटजी टाटा हा पंचविशीतला तरुण तेव्हा हिंदी बँक काढण्याच्या बेताने इंग्लंडला गेला होता. सोबत नेलेल्या कागदांची किंमत तिथे पोचल्यावर मातीमोल झाली.

पण तेजीतले बरेच काही शहराजवळ राहिले. गव्हर्नर बार्टल फ्रिअरच्या कारकिर्दीत कोटाच्या भिंती पडल्या होत्या. मोकळ्या झालेल्या जागेवर पुढल्या काळात विद्यापीठ, हायकोर्ट, सचिवालय उभे राहिले. राजाबाई टॉवर १८७८ मध्ये पुरा झाला. बॅकबेच्या अर्धवट भरावाच्या पट्ट्याचा उपयोग रेल्वेला झाला आणि आज चर्चगेटकडे धावणारी लोकल त्याच किनाऱ्याने जाते. बोरघाटातली रेल्वे १८६३ मध्ये आणि थळघाटातली १८६५ मध्ये सुरू झाली. नवी बँक ऑफ बाँबे १८६८ मध्येच निघाली. ती १९२१ मध्ये इंपीरियल बँकेत मिळाली आणि त्या बँकेची पुढे स्टेट बँक झाली. जमशेटजींनी लँकेशायर पाहून घेतलेला धडा वाया गेला नाही. १ जानेवारी १८७७ रोजी त्यांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. कापूस पिकतो तिथेच गिरणी काढायची, हा विचार त्यामागे होता.

आणि कायदाही शहराच्या मदतीला धावला. बुडालेल्या व्यापाऱ्यांचे हिशेब लवकर मिटावेत म्हणून सरकारने १८६५ मध्येच खास तरतूद केली. दिवाळे जाहीर करायचे, असेल ते घेणेकऱ्यांत वाटायचे, आणि मोकळे व्हायचे. माणूस उद्या पुन्हा पेढी मांडू शकत होता. पुष्कळांनी ती मांडलीही.

खेड्यातली तेजी

हाच पैसा खाली खेड्यांत कसा झिरपला? लिव्हरपूलच्या व्यापाऱ्याने मुंबईच्या पेढीला उचल दिली, पेढीने अडत्याला, अडत्याने तालुक्याच्या सावकाराला आणि सावकाराने कुणब्याला. १८६० ते १८६४ या काळात मुंबई इलाख्यात कापसाखालची जमीन जवळजवळ दुप्पट झाली. कापूस पेरशील तर एकरामागे शंभर रुपये उचल, असा प्रकार दख्खनच्या गावांत घडल्याची नोंद आहे. एरवी दहा रुपयांसाठी दहा खेपा घालायला लावणारा सावकार आता आपण होऊन दाराशी येत होता.

वऱ्हाड १८५३ च्या तहाने निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आले होते. तिथल्या काळ्या जमिनीत पऱ्हाटी पसरली. रेल्वे नागपूरपर्यंत पोचायला १८६७ उजाडले, म्हणजे ऐन तेजीत वऱ्हाडचा बराचसा कापूस हातरेच्यावर सरकी काढून बैलगाडीनेच रेल्वेच्या टोकापर्यंत नेला जात होता. गाड्यांच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्याच्या कथा त्या काळच्या इंग्रज अधिकाऱ्यांनी लिहून ठेवल्या आहेत. खामगावचा बाजार नावारूपाला आला आणि १८७० मध्ये व्हाइसरॉय मेयो खुद्द तिथली रेल्वे खुली करायला आला.

पुणे आणि नगर हे काही कापसाचे मुख्य पट्टे नव्हेत. म्हणून दख्खनच्या पुढच्या दंग्याचा कापसाशी संबंध कितपत, यावर इतिहासकारांत वाद आहे. पण तेजी पिकापुरती नव्हती. घाटातल्या रेल्वेच्या कामावर हजारो मजूर होते, मजुरी वाढली होती, गाडीभाडे वाढले होते, धान्यालाही भाव आला होता. गावात पैसा दिसत होता आणि पैसा दिसला की पत वाढते. १८६५ नंतर हे सारे एकदम आकसले. लिव्हरपूलने हात आखडला, तो आखडता आखडता सावकारापर्यंत आला. नवे कर्ज बंद झाले आणि जुन्याची वसुली सुरू झाली.

याच सुमारास जमाबंदीची तीस वर्षांची मुदत संपत होती. १८६७ पासून पुणे जिल्ह्यातल्या तालुक्यांची फेरपाहणी सुरू झाली. तेजीतले भाव डोळ्यांसमोर ठेवून सारा ठरवला गेला आणि तो काही गावांत दीडपट, काही गावांत दुप्पट झाला. भाव खाली आले होते, सारा वर गेला होता. पुण्याच्या सार्वजनिक सभेने १८७३ मध्ये याविरुद्ध गाऱ्हाणे मांडले. शेतकऱ्याला सारा भरायला पुन्हा सावकाराचाच उंबरा झिजवावा लागला.

आता कायद्याने खेड्याशी कसा व्यवहार केला ते पाहावे. कर्जाच्या रोख्याची मुदत तीन वर्षे, असा नियम १८५९ च्या कायद्याने केला होता. हेतू बहुधा चांगला होता, व्याज फार काळ साचू नये असा. सावकाराने त्याचा उलटा उपयोग केला. दर तीन वर्षांनी नवा रोखा लिहून घ्यायचा आणि साचलेले व्याज त्यात मुद्दल म्हणून घालायचे. आपल्याकडे दामदुप्पट ही जुनी रीत होती, व्याज मुद्दलापेक्षा जास्त होता कामा नये अशी. पण रोखा नवा झाला की कालचे व्याज आजचे मुद्दल होते आणि दामदुप्पट कागदावरच राहते. शंभर रुपयांच्या कर्जावर दोन हजारांहून जास्त व्याज घेतल्याचे एक प्रकरण पुढे चौकशी आयोगासमोर आले. शेतकऱ्याला वाचता येत नव्हते. रोख्यावर अंगठा उठला की कोर्टाच्या दृष्टीने सारे स्पष्ट होते.

सुपे, मे १८७५

असंतोष आधी बहिष्काराच्या रूपाने प्रकटला. १८७४ च्या डिसेंबरात शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावी एका सावकाराने कोर्टाच्या हुकमाने गावातल्या वजनदार माणसाच्या घरावर टाच आणली. गावाने सावकारांशी व्यवहार बंद केला. न्हाव्याने हजामत करायची नाही, पाणक्याने पाणी भरायचे नाही. बलुतेदारीची जुनी यंत्रणा कोर्टाच्या हुकमाला उत्तर म्हणून उभी राहिली.

१२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुपे या बाजारपेठेच्या गावी आजूबाजूच्या खेड्यांतले कुणबी जमले. त्यांनी दुकानदारांच्या आणि सावकारांच्या घरांना वेढा घातला आणि वह्या-रोखे बाहेर काढून जाळले. धान्याची दुकाने लुटली गेली, काही ठिकाणी घरांनाही आगी लागल्या. पुढच्या दोन महिन्यांत हे लोण नगर जिल्ह्यात पसरले आणि तीसहून अधिक गावे त्यात सापडली. पण या दंग्याची एक गोष्ट अधिकाऱ्यांच्याही लक्षात आली. सावकाराच्या जिवापेक्षा त्याच्या कागदांवर लोकांचा रोख होता. त्याने निमूट रोखे काढून दिले तर बहुतेक ठिकाणी त्याला धक्का लागला नाही. शहरातल्या व्यापाऱ्याला कायद्याने जे दिले होते ते या माणसांनी काडी लावून मिळवले.

सरकारने आयोग नेमला. १८७६ पासून दुष्काळ पडला आणि प्रश्न आणखी चिघळला. १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडक्यांचे बंड झाले आणि त्याच वर्षी पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी दख्खन शेतकरी मदत कायदा आला. कर्जापायी शेतकऱ्याला कैद करायचे नाही, आणि कोर्टाने नुसता रोखा न पाहता त्यामागचा सारा व्यवहार खणून काढायचा, हे त्यातले मोठे पाऊल होते. सावकारांनीही वाट काढली, गहाणखताऐवजी सरळ खरेदीखतच करून घ्यायला सुरुवात केली. पुरंदर तालुक्यात शेतकी बँक काढावी म्हणून विल्यम वेडरबर्न यांनी खटपट केली, ती लंडनमध्ये अडली. महात्मा फुल्यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला तेव्हा ही सारी पडझड त्यांच्यासमोर होती. सहकारी पतसंस्थांचा कायदा यायला १९०४ साल उजाडले.

दोन कर्जे, दोन न्याय

१८६५ च्या शेवटी अमेरिकेत घटनादुरुस्ती होऊन गुलामी कायमची संपली. मानवी इतिहासातली ती फार मोठी गोष्ट. पण दक्षिणेतल्या मुक्त माणसांपाशी जमीन नव्हती. त्यांनी मालकाची जमीन वाट्याने केली, दुकानदाराकडून बी-भरण आणि धान्य उधार घेतले आणि त्या उधारीपायी उभे पीक बांधून दिले. म्हणजे मिसिसिपीत आणि वऱ्हाडात आता एकच व्यवस्था नांदू लागली. मळ्यावर कापूस पिकवून घ्यायला पूर्वी चाबूक लागत असे. आता रोखा पुरेसा झाला.

इजिप्तमध्येही हेच घडले. खेदिव इस्माइलने कापसाच्या तेजीवर भरवसा ठेवून कर्जे काढली, १८७६ मध्ये खजिन्याचे दिवाळे निघाले आणि १८८२ मध्ये इंग्रज फौजा देशात उतरल्या. रशियाने १८६५ मध्ये ताश्कंद घेतले आणि मध्य आशियाला आपले कापसाचे शेत बनवले. त्या शेतांना पाणी पुरवता पुरवता विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अरल समुद्र आटला.

मुंबईतल्या तेजीची गोष्ट आपण बहुधा लोभाची गोष्ट म्हणून सांगतो, पेढ्या बसल्या, लोक शहाणे झाले, एवढ्यावर थांबतो. पण लोभी माणसे वाचली. त्यांच्यासाठी दिवाळ्याचा कायदा होता, चुकांची सीमा ठरलेली होती आणि नव्याने सुरुवात करायची सोय होती. धोका पत्करण्याचा निर्णय ज्याने कधी घेतलाच नव्हता, ज्याला भाव का चढला हेही सांगता आले नसते, त्या माणसाच्या कर्जाला मात्र अंत नव्हता. ते दर तीन वर्षांनी नवे होऊन मुलाच्या नावावर जात होते.

आज यवतमाळच्या शेतकऱ्याला न्यूयॉर्कचा भाव क्षणात मोबाइलवर दिसतो. पेरणीआधी काढलेले कर्ज आणि वेचणीनंतरचा भाव यांच्यात पावसाचा, बोंडअळीचा आणि जगाच्या बाजाराचा जो धोका असतो, तो अजून बहुतांशी त्याचाच आहे. दीडशे वर्षांत बँका, सोसायट्या, पीकविमा, हमीभाव, कर्जमाफी असे पुष्कळ उपाय झाले, आणि त्यांतल्या प्रत्येकाची गरज सुप्याच्या बाजारात सिद्ध झालेली होती. व्यापाऱ्याला १८६५ मध्ये काही महिन्यांत जे मिळाले, बुडाल्यावर पुन्हा उभे राहण्याचा हक्क, तो शेतकऱ्याला दर निवडणुकीत मागावा लागतो.